तुरुंगातली नोकरी : मोजणी माणसांची आणि दिवसांची

(गणेशोत्सवातील युवक मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी इंजिनिअरिंग, बँका आणि स्पर्धा परीक्षा यांची माहिती दिली जाते. आज मी तुरुंग खात्यातल्या नोकरीविषयी बोलणार आहे. माझा भाचा महाराष्ट्रात तुरुंगाधिकारी आहे. त्याचे लग्न जमवताना माझ्या बहिणीला प्रत्येक ठिकाणी आधी खुलासा करावा लागे, "अहो, आत नाही, नोकरीला आहे!"

प्रथम कामाची माहिती. तुरुंग हा विषय राज्यांचा, त्यामुळे भरती राज्यवार होते. महाराष्ट्रात कारागृह शिपायांची भरती पोलीस भरतीबरोबर निघते. आपल्या मध्य प्रदेशात या पदाला प्रहरी म्हणतात आणि परीक्षा कर्मचारी चयन मंडळ घेते. आपल्यासारख्या बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका राज्यातला जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी सहसा चालत नाही. म्हणून जाहिरातीतील रहिवास आणि दाखल्यांच्या अटी आधी वाचाव्यात, मगच मैदानी चाचणीसाठी पळायला लागावे. महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण पुण्यात येरवड्याला, दौलतराव जाधव यांच्या नावाच्या महाविद्यालयात होते.

आता प्रत्यक्ष काम. मी सिग्नल विभागातला डिप्लोमावाला माणूस, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आपला एक्सल काउंटर गाडीची जेवढी चाके आत गेली तेवढीच बाहेर पडली का, हे मोजतो. एका आसाचा फरक पडला तरी मार्ग मोकळा दाखवत नाही. तुरुंगातही तसेच आहे. सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना माणसे मोजायची. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजायची. दिवाळी असो की गणपती, मोजणीला सुट्टी नाही. भाचा म्हणतो, "मामा, तुमचे यंत्र मोजते, इथे मलाच मोजावे लागते!"

ही मोजणी सोपी नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत होते ५,७३,२२० बंदी. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. उलट कर्मचाऱ्यांच्या दर दहा मंजूर पदांपैकी सुमारे तीन रिकामी होती. जे आहेत त्यांच्यावर किती भार पडत असेल, हे गँगमन कमी असताना काम करणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

या बंद्यांपैकी दर चारांत तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. इथे दुसरी मोजणी सुरू होते, ती दिवसांची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत कोठडीत काढली, तर न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडावे. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. फाशी व जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यांना ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. कैद्याला वकील नसेल, लिहिता येत नसेल, घरचे कोणी विचारायला येत नसेल, तरी त्याचे दिवस कोणीतरी मोजले पाहिजेत. ते मोजणारा हात तुरुंगाच्या कार्यालयातला असतो. अशी एक यादी करताना भाच्याने रात्री मला फोन केला होता. म्हणाला, "किल्ली फिरवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, मामा. एक नाव सुटले तर एक माणूस विनाकारण आत राहतो."

या कामाला आपल्या मातीत मोठी परंपरा आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्यामागे मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा गृहस्थ होता आणि तो व्यवसायाने इंजिनिअर होता, हे मी अभिमानाने सांगतो! पुढे १९५७ मध्ये शांतारामबापूंनी त्यावरूनच 'दो आँखें बारह हाथ' काढला, कथा गदिमांची. आपल्या राज्यात चंबळच्या शरण आलेल्या डाकूंसाठी १९७३ मध्ये मुंगावलीला खुला तुरुंग उघडला. बीना-गुना मार्गावर ड्यूटी केलेल्यांनी ते स्टेशन पाहिले असेल. आपल्या जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहाला तर नेताजींचे नाव आहे, आणि ते स्वतः तिथे बंदी होते.

तरुणांनो, ही नोकरी सर्वांसाठी नाही. चटकन राग येणाऱ्याने आणि लोभ सुटणाऱ्याने तिथे जाऊ नये. आत मोबाईल पोहोचवण्यासाठी पैसे पुढे करणारे भेटतात, धमकावणारेही भेटतात. पाळ्या आहेत, बदल्या आहेत, सणाला घर नाही. पण ज्याला माणूस आकड्याच्या पलीकडे दिसतो आणि तरीही आकडा चुकू द्यायचा नाही हे समजते, अशा मुलामुलींची तिथे फार गरज आहे. आणि पालकांनो, तुमच्या मुलीने किंवा मुलाने हा अर्ज भरला तर "लोक काय म्हणतील" म्हणून तो फाडू नका.

बुद्धिदात्या गजाननाने आपल्या मुलांना योग्य वाट दाखवावी, हीच प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!