डोळ्याचे अंधारातले काम

उजेड पडला की डोळ्यातल्या पेशी जाग्या होतात आणि पुढे निरोप धाडतात, असेच आपण धरून चालतो. दृष्टिपटलाचा पुरावा नेमका उलटा आहे. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी अंधारात ग्लुटामेट हे रसायन अखंड सोडत असतात. उजेड आला की हात आखडता घेतात. अंधारात या पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ४० मिलिव्होल्टने कमी असतो. तेवढ्यावर तिच्या टोकाशी असलेली कॅल्शियमची दारे उघडी राहतात, कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुटामेटच्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या आवरणाला मिळून बाहेर रित्या होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिथे एक चपटी फीत दिसते, तिला या पिशव्या लगडलेल्या असतात. उजेडात हा फरक ७० मिलिव्होल्टच्या दिशेने वाढतो, दारे मिटू लागतात आणि ग्लुटामेट आटते.

प्रकाशाने विद्युतदाब असा उलट्या दिशेने सरकतो, हे जपानच्या त्सुनेओ तोमिता यांनी १९६०च्या दशकात कार्प माशाच्या शंकुपेशींत मोजून दाखवले. पण दाब बदलला म्हणजे रसायन थांबले, हे कशावरून? शंका रास्तच होती. १९७३ साली डाउलिंग आणि रिप्स यांनी स्केट माशाचे (आपल्या पाकटाचा हा भाईबंद) दृष्टिपटल घेऊन त्यावर मॅग्नेशियम सोडले. मॅग्नेशियम कॅल्शियमची वाट अडवते, म्हणजे रसायन सुटणेच बंद. तेव्हा प्रकाशपेशींकडून निरोप घेणाऱ्या आडव्या पेशी अंधारातही लख्ख उजेडात असल्यासारख्या वागू लागल्या. अंधारात काहीच सुटत नसते, तर ते अडवून फरक पडलाच नसता.

मग ही उधळपट्टी नाही का? खर्च मोठा आहे, यात वाद नाही. दंडपेशीला अंधारातच जास्त ऊर्जा लागते. पण दंडपेशीला प्रकाशाचा एकच कण टिपायचा असतो आणि त्याची खूण म्हणजे रसायनात पडलेला लहानसा खंड. नळाला भरघोस धार असेल तर ती क्षणभर तुटलेली लगेच दिसते. नळ थेंबथेंब गळत असेल तर एखादा थेंब चुकला काय, उशिरा पडला काय, काहीच कळत नाही. पिशव्या मुळातच थोड्याफार अनियमितपणे सुटतात. तेव्हा खंड ओळखू यावा म्हणून सुटण्याचा वेग चढाच ठेवावा लागतो.

राहिला प्रश्न असा, की रसायन घटल्यावर उजेड ‘वाढला’ हे पुढच्या पेशींना कसे कळते? त्यांतल्या एका गटात ग्लुटामेटचे ग्राहक उलटे काम करतात: ग्लुटामेट असले की पेशी दबलेली, घटले की उत्तेजित. दंडपेशींचा निरोप मुख्यतः याच गटाकडे जातो. काही मुलांत या ग्राहकाच्या जनुकात जन्मतःच दोष असतो. त्यांच्या डोळ्याचा विद्युत आलेख काढला तर दंडपेशी प्रकाशाला व्यवस्थित दाद देताना दिसतात, पण पुढच्या पेशींची लाट उमटतच नाही, आणि मुलाला रात्री दिसत नाही.