लिंडिसफार्नचा चित्रित ग्रंथ

युरोपच्या इतिहासांत इसवी सनाच्या पांचव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंतच्या काळास ‘अंधारयुग’ हें नांव पुष्कळ दिवस रूढ होतें. रोमचें पश्चिम साम्राज्य इ. स. ४७६ मध्यें लयास गेलें, नगरें ओस पडलीं, आणि उत्तरेकडील रानटी टोळ्यांनीं विद्या व कला धुळीस मिळविल्या, असें त्या काळाचें वर्णन करण्याची प्रथा होती. या वर्णनांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. परंतु ज्यांना रानटी म्हणून हिणविलें, त्यांच्यापाशीं स्वतःची अशी कांहीं कला होती कीं नाहीं, हा प्रश्न त्यामुळें विचारलाच जात नसे. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या थोड्या वस्तूंतून स्पष्ट मिळतें, त्यांपैकीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जतन केलेला लिंडिसफार्नचा ग्रंथ ही एक होय.

लिंडिसफार्न हें बेट इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत आहे. दिवसांतून दोनदां भरती येते आणि त्याचा मुख्य भूमीशीं असलेला मार्ग पाण्याखालीं जातो. ओहोटीच्या वेळीं मात्र वाळूवरून चालत जातां येतें. नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याच्या निमंत्रणावरून आयोना बेटांतील एडन नांवाचा आयरिश साधु येथें आला व इ. स. ६३५ मध्यें त्यानें मठ स्थापिला. पुढें याच मठाचा बिशप कथबर्ट हा ६८७ मध्यें वारला. ६९८ मध्यें त्याचा देह थडग्यांतून काढून वेदीजवळ ठेवण्यांत आला, आणि बेट तीर्थक्षेत्र बनलें. त्याच वर्षीं ईडफ्रिथ हा बिशप झाला व ७२१ पर्यंत त्या पदावर होता. ग्रंथ त्याच्या हातचा, असें परंपरा सांगते. तो ७०० च्या सुमाराचा असें कांहीं विद्वान् मानतात, तर कांहीं त्यास ७१५ ते ७२० च्या दरम्यान नेतात.

ग्रंथांत ख्रिस्ती धर्माचीं चार शुभवर्तमानें लॅटिन भाषेंत लिहिलेलीं आहेत. पानें सुमारें २५० हून अधिक असून तीं सर्व वासरांच्या कमावलेल्या कातड्याचीं आहेत. इतक्या पानांसाठीं सुमारें १५० वासरांचीं कातडीं लागलीं असावींत. तीं भिजवावयाचीं, चौकटीवर ताणावयाचीं, खरवडून गुळगुळीत करावयाचीं. मग पक्ष्याच्या पिसाच्या लेखणीनें व काजळीच्या शाईनें लिहावयाचें. लेखन आणि चित्रें हीं मुख्यतः एकाच हातचीं आहेत. मठांतील प्रार्थना, शिकवण व कारभार संभाळून एका माणसास या कामीं दहा वर्षेंही लागलीं असतील, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कांहीं ठिकाणीं नक्षी अपुरीच राहिली आहे; म्हणजे कर्त्याचा हात काम पुरें होण्यापूर्वींच थांबला असावा.

प्रत्येक शुभवर्तमानापूर्वीं एक पान अक्षरांवांचून केवळ नक्षीनें भरलेलें असतें. दुरून पाहतां तें विणलेल्या गालिच्यासारखें दिसतें, म्हणून त्यास ‘गालिचा-पान’ म्हणतात. मध्यें क्रूस असतो व त्याच्या आंतबाहेर पट्ट्यांची गुंफण चाललेली असते. जवळून पाहिलें म्हणजे त्या पट्ट्यांना चोंची, पंजे व डोळे आहेत असें ध्यानांत येतें. एका पक्ष्याची मान दुसऱ्याच्या पायाखालून जाते व तिसऱ्याच्या शेपटीस वेढा घालते. कोणतीही पट्टी बोटानें मागें मागें नेत गेल्यास ती कोठेंही चुकत नाहीं. त्याचें रहस्य पानांच्या पाठीमागें आढळतें. तेथें कंपासच्या टोकाचीं छिद्रें व आंखणीच्या रेषा अजून दिसतात. आकृतीचा आराखडा पाठीमागून शिशाच्या टोकानें काढून, प्रकाशाच्या आधारानें तो पुढील बाजूस उतरविला असावा. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अक्षराभोंवतीं तांबड्या शेंदराचे ठिपके आहेत. त्यांची संख्या दहा हजारांवर जाते.

रंगांविषयीं एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. ग्रंथांतील निळा रंग बदकशानच्या खाणींतील लाजवर्दाचा असावा असें पूर्वीं मानीत. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं, पानास धक्का न लावतां, प्रकाशकिरणांच्या साह्यानें परीक्षा झाली. तींत तो रंग वनस्पतिजन्य निळीचा ठरला. उत्तर युरोपांत ही नीळ वोड नांवाच्या झुडुपापासून काढीत. तें झुडूप भारतांतील निळीच्या झुडुपाहून वेगळें, परंतु दोहोंतील रंगद्रव्य एकच आहे. दूरदेशींचें मोलाचें द्रव्य हातीं नसतां आसपासच्या वनस्पतींतून व खनिजांतून इतकी विविध छटा ज्यानें साधली, त्याची योग्यता या शोधानें कमी न होतां वाढलीच आहे.

ही कला एकाएकीं कोठून आली? इ. स. १९३९ मध्यें इंग्लंडच्या सफोक परगण्यांत सटन हू येथें एक टेंकाड खणलें असतां सातव्या शतकाच्या आरंभींचें जहाज-दफन सांपडलें. त्यांतील सोन्याचें बक्कल ४०० ग्रॅमहून जड आहे, आणि त्याच्या पृष्ठावर सापांची व प्राण्यांची हीच गुंफण कोरलेली आहे. खांद्यावरील सोन्याच्या पेट्यांत तांबडे तामडे बारीक खांचांत असे बसविले आहेत, कीं गालिचा-पानाचा नमुना तेथेंच पाहावयास मिळतो. सोनाराची विद्या अशा रीतीनें लेखकाच्या हातीं आली. अक्षराचें वळण आयर्लंडच्या साधूंनीं शिकविलें. मूळ पाठ दक्षिण इटलीच्या एका पोथीवरून आला, कारण ग्रंथांतील सणांच्या यादींत नेपल्सच्या संतांचे दिवस दिलेले आहेत. चारही शुभवर्तमानकारांचीं चित्रें भूमध्य समुद्राकडील धर्तीचीं आहेत. ओहोटीची वाट पाहणाऱ्या त्या बेटावर आयर्लंड, इटली आणि जर्मानिक टोळ्या यांची विद्या एकत्र नांदली.

अशा कलेविषयीं लोकांचा अविश्वास किती खोल होता, याचें एक उदाहरण आहे. लिंडिसफार्नहून फार दूर नसलेल्या वेअरमथ व जॅरो येथील जोड मठांत त्याच सुमारास एक भव्य बायबल तयार झालें. मठाधिपति केओल्फ्रिथ हा तें पोपला अर्पण करण्यासाठीं ७१६ मध्यें निघाला व वाटेंतच वारला. आज फ्लॉरेन्समध्यें असलेलें तें बायबल ३४ किलोहून जड आहे. त्याच्या अर्पणपत्रिकेंतील केओल्फ्रिथाचें नांव कोणी तरी खरवडून दुसरें घातलें होतें, आणि शतकानुशतकें विद्वानांनीं तें इटालियन काम समजून त्याची वाखाणणी केली. खरा कर्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आला. उत्तरेकडील हातांनीं असें कांहीं होणें शक्य आहे, हेंच कोणास सुचलें नव्हतें.

इ. स. ७९३ च्या जून महिन्यांत व्हायकिंग चाच्यांनीं लिंडिसफार्नवर छापा घातला. मठ लुटला गेला, कित्येक साधु मारले गेले. शार्लमान बादशहाच्या आश्रयास असलेला नॉर्थंब्रियाचा पंडित अल्क्विन यानें त्या प्रसंगीं लिहिलेल्या पत्रांतून त्याचें दुःख आजही कळतें. तरी ग्रंथ वांचला. ८७५ मध्यें साधूंनीं कथबर्टाची शवपेटी व मोलाच्या वस्तु घेऊन बेट सोडलें. वर्षानुवर्षें ते फिरत राहिले. ८८३ मध्यें चेस्टर-ल-स्ट्रीट येथें स्थिर झाले, आणि ९९५ मध्यें डरहॅम येथें गेले. वाटेंत ग्रंथ समुद्रांत पडला व ओहोटीनंतर वाळूवर सुरक्षित सांपडला, अशी आख्यायिका पुढील काळांत सांगत. तींत इतिहास किती हें कोण सांगणार. पण पळतांना माणसें काय उराशीं धरून पळाली, हें तीवरून कळतें.

चेस्टर-ल-स्ट्रीट येथें दहाव्या शतकांत आल्ड्रेड नांवाच्या धर्मगुरूनें ओळींच्या मधल्या जागेंत लॅटिन शब्दांवर आपल्या बोलींतील इंग्रजी अर्थ बारीक अक्षरांत लिहिला. शुभवर्तमानांचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें इंग्रजी भाषांतर तें हेंच. त्या सुंदर पानांवर दुसऱ्याचें अक्षर पडावें, हें कांहीं रसिकांना खटकतें. परंतु शेवटीं त्यानेंच लिहून ठेविलें आहे, कीं ग्रंथ ईडफ्रिथानें लिहिला, एथिलवाल्डानें बांधला, बिलफ्रिथ या एकांतवासी साधूनें वेष्टनास सोनें व रत्नें जडविलीं. त्यानें शाईचा हात पानावर टाकला नसता, तर कर्त्यांचीं नांवें हरपलीं असतीं.

पुढें ग्रंथ सतराव्या शतकांत सर रॉबर्ट कॉटनच्या संग्रहांत आला, १७५३ मध्यें ब्रिटिश म्युझियमकडे गेला व १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यांत आहे. बिलफ्रिथाचें रत्नजडित वेष्टन नाहीसें झालें. सध्यांचें एकोणिसाव्या शतकांतील आहे. लुटारूंना मोलाचें वाटेल तें गेलें, आणि काजळी, कातडें व नीळ एवढेंच राहिलें. ज्या युगास अंधाराचें नांव दिलें गेलें, त्याच्या एका बेटावरील माणसानें दिव्याच्या व उन्हाच्या प्रकाशांत काढलेल्या त्या रेषा तेराशें वर्षें झालीं तरी अजून ताज्या आहेत.