खातेपुस्तक नसलेला घोडा



आम्ही बँकेतील माणसे मागील नोंदी पाहून विश्वास ठेवतो. घोड्याला खातेपुस्तक नसते. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे दातांवरून वय अजमावता येते; पण आधीच्या मालकाने गोंजारले की चाबकाने फोडले, हे दात सांगत नाहीत.

हात उचलताच घोडा मान झटकतो, कान मागे पाडतो. आपण त्याला खोडकर ठरवतो. वास्तविक तो पुष्कळदा भ्यालेला असतो. मार बसला की भीती वाढते, लाथ बसते आणि तो पुन्हा बाजारात उभा राहतो.

मग करावे काय? घोड्याचे डोळे बाजूंना असतात. अगदी नाकासमोरचे व शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून आपण बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जावे. तो ताठरला तर थांबावे. मान सैल सोडली की आपणच एक पाऊल मागे घ्यावे. दडपण सुटणे हेच त्याचे बक्षीस. रोज तीच वेळ, तोच आवाज ठेवावा.

त्याचा काल आपल्याला कळणार नाही. आजचा दिवस मात्र आपल्या हाती आहे. मित्रहो, वर्गात नव्याने आलेल्या अबोल मुलाकडेही आपण असेच जावे, एवढीच विनंती.