खरी नोट, खोटी नोट

1969 साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त रिझर्व्ह बँकेने खास नोटा काढल्या. त्यांवर बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्राम आश्रम होता. वर्ध्याजवळची ती कुटी शंभराच्या नोटेवरून देशभर फिरली, ही जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशीच गोष्ट.

पुढे छायाप्रतीचे तंत्र सुधारले आणि जुनी सुरक्षाचिन्हे अपुरी पडू लागली. 1996 मध्ये ‘महात्मा गांधी’ मालिका आली, 2016 मध्ये तिची नवी आवृत्ती. दोन हजारांची नोट मे 2023 मध्ये चलनातून मागे घेण्यात आली. आता सर्वांत मोठी नोट पाचशेचीच, म्हणून नकली नोटा छापणाऱ्यांचा डोळाही तिच्यावर.

हिंगणघाटला कापसाचे पैसे रोख मिळाले, तर शेतकऱ्याने घाई करू नये. पाचशेची नोट तिरपी करावी: हिरवा सुरक्षा धागा निळा दिसतो. उजेडासमोर धरली की गांधीजींचे जलचिन्ह आणि ‘500’ उमटतात. दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेषा असतात, त्या बोटाला उठावदार लागतात. अंध व्यक्तींसाठी केलेली ही सोय सर्वांच्याच कामाची आहे.

बँकेत खोटी नोट सापडली, तर तिच्यावर शिक्का मारून ती जप्त होते. बदली रक्कम मिळत नाही, पण पावती मिळते. ती मागून घ्यावी. एका व्यवहारात अशा पाच किंवा अधिक नोटा निघाल्या, तर बँक पोलिसांत गुन्हा नोंदवते. खोटी आहे हे ठाऊक असून नोट पुढे खपवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेनुसार जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.