गिटार : तिचा इतिहास व तिचें शिक्षण



या महोत्सवप्रसंगीं गिटारीविषयीं दोन शब्द बोलण्याची गायनमंडळाची विनंती आम्हीं आनंदानें मान्य केली. हें वाद्य सोपें असून गुरूवांचूनही तें कोणास येतें, अशी समजूत घरोघरीं आढळते. ती अर्धी खरी आहे. राहिलेला अर्धा भाग इतिहासच आपणांस शिकवील.

हा इतिहास मुख्यतः स्पेन देशांतील आहे. सोळाव्या शतकांत तेथें गिटार लहान व थोड्या तारांची होती. दरबारीं मान होता तो विहुएला या तिच्या थोरल्या बहिणीस. १५३६ सालीं लुईस दे मिलान यानें वालेन्सिया येथें विहुएलेचें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यास ‘एल माएस्त्रो’, म्हणजे ‘गुरुजी’, असें नांव दिलें. नवशिक्यानें सोप्या रचनांकडून कठिणाकडे जावें, अशी त्याची मांडणी आहे. गिटारीकरितां छापलेल्या पहिल्या रचना १५४६ सालच्या असून त्या अलोन्सो मुदारा याच्या आहेत. त्याच वर्षीं तो सेव्हिलच्या कॅथीड्रलाचा कॅनन झाला.

पुढें तारांची पांचवी जोडी आली. १५९६ सालीं जोआन कार्लेस आमात नांवाच्या वैद्यानें छोटेंसें पुस्तक लिहून निरनिराळ्या कॉर्डांसाठीं बोटें कोठें ठेवावीं हें आंकड्यांनीं दाखविलें. तीन कॉर्ड शिकून गीताची साथ करणारा आजचा तरुण याच वाटेनें जात असतो. ती वाट चारशें वर्षांहून जुनी आहे. तिला हलकी लेखूं नये. मात्र ती तेथेंच संपत नाहीं. सालामान्का येथें ईश्वरज्ञानशास्त्र शिकलेल्या गास्पार सान्झ यानें १६७४ सालीं जें पुस्तक काढलें, त्यांत तारा एकदम छेडण्याबरोबरच एकेक तार वेगळी वाजविण्याचेंही शिक्षण होतें.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली, आणि दोन थोर शिक्षक पुढें आले. फेर्नान्दो सोर हा मोन्त्सेरातच्या मठांतील गायनशाळेंत वाढला. दियोनिसिओ आग्वादो माद्रिदचा. आग्वादो नखांनीं वाजवी, सोर बोटांच्या मांसल अग्रांनीं. मतभेद असूनही पॅरिसमध्यें दोघांचा स्नेह जडला, व सोरनें दोन गिटारींसाठीं ‘दोन मित्र’ या नांवाची रचना करून ती आग्वादोस अर्पण केली. सोरचें शिक्षणाचें पुस्तक १८३० सालचें. त्यांत तो नुसती आज्ञा करीत नाहीं, कारणही सांगतो. शिकविणाऱ्यानें हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

पुढें आन्तोनिओ दे तोर्रेस या सुतारानें वाद्याचें अंग मोठें करून नाद भरदार केला, आणि फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यानें आजची बैठक रूढ केली. डावा पाय लहान स्टुलावर ठेवून वाद्य डाव्या मांडीवर घ्यावें. उजवा अंगठा खर्जाच्या तारांवर असावा. तर्जनी व मध्यमा यांनीं आळीपाळीनें आघात करावा. डाव्या हाताचें बोट पडद्यावर न ठेवतां त्याच्या लगत मागें दाबावें, म्हणजे थोड्या जोरानें स्वच्छ स्वर निघतो. हें सर्व पुस्तकांत लिहितां येतें. परंतु मनगट कोठें आंवळलें आहे हें पुस्तकास दिसत नाहीं. तें पाहावयास जवळ बसलेला शिक्षकच लागतो.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे कीं, मुलास पहिल्याच महिन्यांत लोकांपुढें वाजवावयास बसवूं नका. तेव्हां बोटांची अग्रें दुखतात, स्वर खरखरतो, आणि लोक हंसले कीं वाद्य कायमचें खुंटीस टांगलें जातें. आरंभीं नायलॉनच्या तारा द्याव्या. त्या १९४० नंतरच्या दशकांत आल्या. त्यापूर्वीं आंतड्याच्या असत. पोलादी तारांपेक्षां त्या बोटांस सौम्य आहेत. रोज वीस मिनिटांचा संथ अभ्यास आठवड्यांतील एका दिवसाच्या दोन तासांहून अधिक फळ देतो.

आणि तरुणांनो, साथ करणें हें कमीपणाचें काम समजूं नका. १८१८ सालच्या नाताळाच्या पूर्वरात्रीं ऑस्ट्रियांतील ओबर्नडोर्फ येथें फादर योसेफ मोहर यांनीं आपलें गीत म्हटलें, तें आज ‘सायलेंट नाइट’ या नांवानें सर्वांस परिचित आहे. चाल शाळाशिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांची होती. गाणारे तेच दोघे, शेवटच्या ओळींस गायनवृंदाची जोड, आणि साथीस फादरांच्या हातांतील गिटार. त्या गिटारीनें शब्दांवर मात केली नाहीं. त्यांस आधार दिला. इतकी संयत साथ करावयास हात चांगला तयार असावा लागतो.

आपल्या गायनमंडळांत गिटारी आहेत, उत्साहही आहे. नाहीं तो नियमित शिक्षणवर्ग. या महोत्सवाच्या वर्षीं तो सुरू व्हावा, आणि ज्यांना वाजवितां येतें त्यांनीं प्रत्येकीं एका मुलाचा हात धरावा, एवढेंच आमचें मागणें आहे.