गाण्याचाही वार ठरवूया

भाकऱ्या थापत असाल, काजूगर सोलत असाल, तर हात थांबवू नका. नुसतं ऐका.

कसालच्या आमच्या बचत गटाने आमसुलांवर एक छोटी फिल्म मोबाईलवर केली. आमची एक मैत्रीण फुगडीची गाणी रचते. मोबाईलही तिलाच छान जमतो, म्हणून शूटिंगपासून जोडकामापर्यंत सगळं तिच्याकडेच आलं. फिल्मचं गाणंही तीच करणार होती. पण ऊन बघा, बायकांना गोळा करा, रात्री जागून तुकडे जोडा, यातच महिना गेला. शेवटी गाण्याच्या जागी मोबाईलमधलं तयार संगीत घातलं. ती म्हणाली, "गाणा पोटातच रवला गो. आता दोघांतला एक सोडूक व्हया."

मला ग. दि. माडगूळकर आठवले. माणदेशातल्या गरीब घरातले गदिमा. सिनेमाच्या पटकथा लिहायचे आणि गाणीही. १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'ची पटकथा त्यांची, गाणीही त्यांचीच. दोन्ही कसं निभावलं असेल?

एक गोष्ट रेडिओचीच आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. दर आठवड्याला नवं गाणं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची. अशी ५६ गाणी झाली. सिनेमाची कामं होतीच, तरी गाणं मागे पडलं नाही, कारण त्याचा वार ठरलेला होता आणि पुढे माणसं वाट बघत होती.

दुसरी गोष्ट 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या हिंदी सिनेमाची. लेखन गदिमांचं, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, पण गाणी लिहिली भरत व्यासांनी. म्हणजे एवढ्या मोठ्या गीतकाराच्या सिनेमातही गाणी दुसऱ्याची असू शकतात. सगळं एकट्याने ओढायचं नसतं.

आपलं उलट होतं. फिल्मसाठी चारजणी खोळंबतात, म्हणून ती पुरी होते. गाण्यासाठी कोणी खोळंबत नाही, म्हणून ते उद्यावर जातं. आपल्या स्वतःच्या आवडीचं प्रत्येक काम असंच उद्यावर जातं, नाही का?

म्हणून आम्ही गटात दोन गोष्टी ठरवल्या. जोडकाम आता दुसऱ्या दोघी शिकतायत. आणि गटाच्या प्रत्येक बैठकीत, हप्ते गोळा करण्याआधी, तिने नवं काहीतरी म्हणायचं. दोन ओळी का असेनात, आम्ही ऐकायला बसणार. मागच्या बैठकीत तिने चार ओळी म्हटल्या. पाचवी अडली, ती आमच्या एका म्हाताऱ्या काकींनी पुरी केली.

तिने काहीच सोडलेलं नाही. येत्या चवथीला तिच्या नव्या गाण्यावर फुगडी घालायची आहे, आणि शूटिंग दुसरीच कोणीतरी करणार आहे.

तुमच्या गटातही अशी कोणी असेल. तिला विचारा, "बाय गो, तुझ्या गाण्याचो वार खयचो?"