कोठी, कारभारी आणि कळफलक



सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण आले, तेव्हा मी 'बडोद्यातील मराठी' हा विषय सुचवला होता. विश्वस्तांनी तो अदबीने बाजूला ठेवला आणि 'संगणकाची मुख्य अंगे व त्यांची कार्ये' हा विषय कळवला. छत्तीस वर्षे संतकाव्य आणि भाषाशास्त्र शिकवणाऱ्या बाईला असे पत्र आले, तर ते पाकीट बदलून आले असावे, असेच तिला वाटणार. पण सर गणिताचे, आणि या शाळेतला पहिला संगणक त्यांच्याच हातून सुरू झाला, हे आठवल्यावर मी होकार कळवला. माझा मूळ विषयही मी सोडलेला नाही. तो या विषयात कसा शिरतो, ते पुढे येईलच.

१९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांना इंग्लंडच्या 'बीबीसी मायक्रो' जातीचे संगणक दिले. तशातलाच एक १९८८ साली आपल्या शाळेत आला. त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि त्याच्यावर सरांच्या पत्नीने शिवलेली फुलाफुलांची खोळ असे. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवत होते. एका रविवारी सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतले, पेचकसाने त्या यंत्राचे झाकण उघडले आणि म्हणाले, "अगं, घाबरू नकोस. ही आमच्या वडिलांची कचेरीच आहे."

सरांचे वडील संस्थानच्या नोकरीत कारकून होते. त्यामुळे तो संपूर्ण दुपारचा पाठ कचेरीच्या परिभाषेत झाला, आणि त्यानंतर या विषयावर मी जे जे वाचले, ते त्या दुपारच्या चौकटीत बसवूनच मला समजले. म्हणून आजही तीच चौकट घेते.

कचेरीत अर्ज खिडकीतून आत येतो. संगणकाची ही खिडकी म्हणजे कळफलक. 'क'ची कळ दाबली म्हणजे आत 'क' जातो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अमुक जागेची कळ दाबली गेली, एवढाच निरोप आत पोहोचतो. ती जागा म्हणजे कोणते अक्षर, हे आत ठरते. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा. तो मला पुढे फार महाग पडला. कचेरीचा निकाल बाहेर पडतो तो पडद्यावर किंवा छपाईयंत्राच्या कागदावर. माऊस, ध्वनिक्षेपक, कॅमेरा ही सारी याच दोन खिडक्यांची नातलग मंडळी, त्यांच्यापाशी अधिक थांबत नाही.

आत बसलेला असतो कारभारी. याला संस्कारक म्हणतात, इंग्रजीतून आलेला प्रोसेसर हा शब्द अधिक रूढ आहे. हा कारभारी मोठा बुद्धिमान असेल असे मला वाटले होते. सर हसले. त्याला येते ते इतकेच : एका जागेवरचा आकडा उचलून दुसरीकडे ठेवणे, दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी करणे, दोहोंत मोठा कोणता हे पाहणे, आणि त्या निकालाप्रमाणे पुढची आज्ञा वाचायची की मधल्या काही गाळून भलत्याच आज्ञेवर उडी घ्यायची, हे ठरवणे. शाळेच्या त्या संगणकातल्या कारभाऱ्याला तर गुणाकाराची आज्ञाच ठाऊक नव्हती. बेरजा आणि सरकवासरकव करून गुणाकार जुळवावा लागे. तिसरीतल्या मुलाला पाढे येतात, याला तेही नाहीत! परंतु आतल्या घड्याळाचे दर सेकंदाला वीस लाख ठोके पडत आणि त्या ठोक्यांवर त्याचे काम अविरत चाले. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये हेच ठोके सेकंदाला दोनशे कोटींच्या घरात जातात. बुद्धी बेताची, पण वेग अचाट आणि कंटाळा ठाऊक नाही, असा हा गृहस्थ. त्याच्या दोन शाखा मानतात. एक आकडेमोड करते, दुसरी आज्ञा वाचून कोणी केव्हा काय करायचे ते सांगते. सर दुसरीला फडणीस म्हणत.

कारभाऱ्यापुढे बैठे मेज असते. चालू कामाचे कागद त्यावर पसरलेले असतात. ही तात्पुरती स्मृती. मागे कोठी असते, तिथे बांधलेले रुमाल रचून ठेवलेले असतात. तो कायमचा साठा, म्हणजे तबकडी, फ्लॉपी किंवा आजची चकती. शाळेच्या संगणकात हे काम साधा टेपरेकॉर्डरही करी. कोठीतला रुमाल मेजावर आणून सोडल्याखेरीज कारभाऱ्याला त्यातले अक्षर वाचता येत नाही, आणि मेजावरचे काम पुन्हा रुमालात बांधून ठेवले नाही, तर वीज जाताच मेज कोरे होते. याखेरीज एक तिसरी, घडवतानाच पक्की केलेली स्मृती असते. यंत्र सुरू होताच प्रथम काय करायचे ते तिच्यात असते. सर तिला पावकी-निमकी म्हणत : झोपेतून उठवले तरी म्हणता यावी अशी. मेज, कोठी आणि कारभारी यांना जोडणाऱ्या तांब्याच्या वाटांचे जाळे ज्या पाटीवर असते, ती पाटी सरांनी मला बोट न लावता दाखवली.

बडोदेकरांना कोठी कचेरी सांगायला नको. मला पुढे वाचताना मौज वाटली ती ही की, एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्राचे जे दोन भाग कल्पिले, त्यांना त्याने गिरणी आणि कोठार अशीच नावे दिली होती. दळण कोठारातून यायचे, पीठ कोठारात जायचे. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी नव्या यंत्राचा जो आराखडा लिहिला, त्यात मात्र घरगुती रूपके गेली आणि शरीराची आली. त्यांनी यंत्राच्या भागांना अवयव म्हटले, साठ्याला स्मृती म्हटले. त्या आराखड्याचा गाभा असा, की आकडे आणि आज्ञा दोन्ही एकाच स्मृतीत, एकाच लिपीत ठेवायचे. हिशेब आणि हिशेब कसा करायचा याचा हुकूम एकाच रुमालात! यामुळे यंत्राला हात न लावता, केवळ रुमाल बदलून त्याच्याकडून निराळे काम घेता येऊ लागले.

आपल्या देशात हे मुंबईत घडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची होती. कडे एका दिशेने चुंबकित असेल तर शून्य, उलट दिशेने असेल तर एक. अशा चाळीस शून्य-एकांच्या गटाला संगणकशास्त्रात 'शब्द' म्हणतात, याचा भाषेच्या प्राध्यापिकेला थोडा रागच आला. असे २,०४८ शब्द त्या स्मृतीत मावत. आजच्या हिशेबाने ते दहा हजार बाईटांच्या आसपास होते. माझे हे व्याख्यान आजच्या प्रचलित पद्धतीने साठवायचे तर प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाईट लागतात. म्हणजे वीस हजारांहून अधिक. देशात बांधलेल्या त्या भव्य यंत्राच्या स्मृतीत हे भाषण अर्धेही मावले नसते. (श्रोत्यांपैकी काहींना ती सोय वाटली असती.)

स्मृती हा शब्द येथे कितपत योग्य, असा प्रश्न मी त्या दुपारी सरांना विचारला होता. न्यायशास्त्रात संस्कार आणि स्मृती यांत भेद करतात. अनुभवाचा मनावर राहिलेला ठसा तो संस्कार, आणि त्या ठशापासून पुन्हा उपजणारे ज्ञान ती स्मृती. त्या अर्थाने कोठीतल्या तबकडीवर असतात ते केवळ संस्कार. ते जागे करून मेजावर आणले आणि कोणी वाचले, तरच स्मृती. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग अगं, ठसा शाबूत आहे आणि तो वाचणाराच नाही, असे झाले तर?" मी म्हणाले, "सर, असे कसे होईल?"

असे झाले. आणि ते माझ्याच बाबतीत झाले.

१९९० पासून मी बडोदेकरी मराठी शब्द गोळा करत होते. दांडिया बाजारातल्या, राजमहाल रस्त्यावरच्या जुन्या घरांतून हिंडून, बहुतेक वृद्ध स्त्रियांच्या तोंडून. आमच्या घरी खिडकीला 'बारी' म्हणत आणि दारापुढच्या ओट्याला 'ओटला'. गुजरातीच्या शेजाराने दोन शतके राहिलेल्या मराठीचे ते रूप होते. एकेका शब्दाचे एकेक कार्ड, मागे वाक्य आणि सांगणारीचे वय. १९९६ साली एका मुद्रणव्यावसायिकाकडे ही सारी कार्डे संगणकावर चढवून घेतली. अकरा फ्लॉप्या झाल्या. आता कार्डे कशाला, या विचाराने घर बदलताना मी ती रद्दीत घातली. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

बारा-तेरा वर्षांनी कोश छापण्याचा योग आला. फ्लॉप्या नव्या संगणकात उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता भाजीपाला! चार फ्लॉप्या तर उघडल्याच नाहीत, त्यांच्यावरचा ठसाच पुसला होता. उरलेल्या सातांवर ठसा शाबूत होता, पण वाचणारा नव्हता.

कारण मघाचेच. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा करार माणसांचा असतो. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी एक करार ठरवलाही होता. परंतु छपाईच्या धंद्यात टंक करणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या मर्जीने देवनागरी तुकडे बसवले. काना एका घरात, अर्धा 'त' दुसऱ्यात. ज्याचा टंक गेला, त्याचा करार गेला. १९९१ सालीच सुरू झालेल्या युनिकोडच्या करारात 'क' म्हणजे २३२५ आणि आपला 'ळ' म्हणजे २३५५, जगात कुठेही. पण तो आपल्या टेबलापर्यंत यायला दशकाहून अधिक काळ गेला. १९३१ साली याच नगरीत 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. एका शासकीय शब्दासमोर आठ भाषांतले प्रतिशब्द रकान्यांत मांडणारा कोश. शब्दांच्या बाबतीत महाराजांना जे सुचले, ते अक्षरांच्या बाबतीत आम्हाला सुचायला साठ वर्षे लागली.

या शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्या मदतीला आला. त्याच्या इच्छेप्रमाणे नाव घेत नाही. तो म्हणाला, "बाई, या फाइलमधले एखादे पान कागदावर आहे का?" कोशाची बारा छापील मुद्रिते एका जुन्या दिवाळी अंकात घातलेली सापडली. त्यांच्यावरून त्याने कल्पतरूसारखाच तक्ता केला : डावीकडे पडद्यावरचे निरर्थक चिन्ह, उजवीकडे कागदावरचे अक्षर. चार महिने तो रात्री बसून हे करत होता. सर्वांत छळले ते आपल्या खास मराठी अर्ध्या 'र'ने. आचार्यास आणि आचाऱ्यास यांत भेद न उरला, तर गुरूला द्यायची दक्षिणा स्वयंपाक्याला जाते! बारा पानांत तो 'र' दोनदाच आला होता. तेवढ्यावर तो सुटला.

सात फ्लॉप्यांतले शब्द परत आले. चार फ्लॉप्यांतले, म्हणजे 'प'च्या मध्यापासून पुढचे, आले नाहीत. ज्यांनी ते सांगितले, त्या बहुतेक साऱ्या तोवर गेल्या होत्या. त्यांपैकी एक सरांच्या पत्नी होत्या, आणि त्यांनी सांगितलेले शब्द पुष्कळसे स्वयंपाकघरातले, 'भ' आणि 'व' या अक्षरांचे होते, एवढे मला आठवते. शब्द आठवत नाहीत.

आता विश्वस्तांनी बाजूला ठेवलेल्या विषयाकडे वळते. माझ्या पिशवीत कोरी कार्डे आहेत आणि चार पेन आहेत. सभागृहात साठीपुढच्या, या शहरात वाढलेल्या बऱ्याच भगिनी मला दिसत आहेत. चहाच्या वेळी मी उजवीकडच्या दाराशी बसेन. पालेभाज्यांची, भांड्यांची, सणाच्या पदार्थांची घरात जी नावे ऐकली असतील, ती 'प'पासून पुढची सांगावीत. आधीची सांगितलीत तरी लिहून घेईन.